मागच्या अंगणातली आत्या

आमच्या घरात काही लपवायचं म्हटलं असतं तरी जागा नव्हती. एरंडोलहून पायी जाता येईल एवढ्या अंतरावरचं गाव, गावाच्या कडेला आमची एक खोली, आणि तिचं दार कधी पुरतं लागायचं नाही. येणारा-जाणारा फटीतून आमच्या चुलीवर काय चाललंय ते बघून पुढे जायचा. बघण्यासारखं फारसं नसायचं. कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेल्या पिठाची, आणि तिच्यावर हिरव्या मिरचीचा खुडा, म्हणजे ठेचा. पोळी सणाला. दूध कुणाची म्हैस व्याली तर. बाप एरंडोलच्या एका जिनिंगमध्ये रुईच्या गाठी ओढायचा. कापसाचा हंगाम असेपर्यंत भोंगा वाजायचा आणि बाप कामाला जायचा. होळीच्या सुमारास भोंगा बंद झाला की बाप घरी बसून खोकायचा. कापसाची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेलेली. तो खोकला आमच्या घरातला सगळ्यात मोठा आवाज होता आणि तोही गावापासून लपलेला नव्हता. कधी खोकला जास्त वेळ थांबला तर शेजारची म्हातारी भिंतीपलीकडून विचारायची, "शे ना रे भाऊ?" म्हणजे आहेस ना, आणि बाप म्हणायचा, "शे, शे." मग दोघंही निवांत व्हायचे.

उन्हाळ्यात घर माय चालवायची. लोकांच्या अंगणात जाऊन बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, थापायची, कुरडया घालायची, शेवया वळायची, आणि लग्नसराईत मांडे करायची. मांडे सगळ्यांना खायला आवडतात, करायला कुणालाच नको असतात. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांच्या पालथ्या मनगटांवर घेऊन झेलत झेलत कोपरापर्यंत वाढवायचा आणि पेटत्या चुलीवर उपड्या घातलेल्या खापरावर टाकायचा. खाली लाकडांचा जाळ, वर वैशाखाचं ऊन. मायच्या हातावर कोपरापर्यंत एक केस उगवत नव्हता, सगळे जळून गेलेले. ती कामाला निघाली की गावातल्या बाया म्हणायच्या, "निघाली का मांडेवाली?" आणि ती हसून म्हणायची, "निघनू वं माय." हे मी मुद्दाम आधीच लिहून ठेवते. मांडे करायला जाण्याची लाज मायला नव्हती, बापाला नव्हती आणि मलाही नव्हती. पुढे जे झालं ते लाजेमुळे झालं खरं, पण ती लाज आमच्या घरातली नव्हती.

मायला एक धाकटा भाऊ. माझा मामा. तो शाळेत जात होता त्या वर्षांत माय कापूस वेचत होती. यात तिने काही उपकार केले असं तिला कधी वाटलं नाही, तेव्हा बहिणींनी असंच करायचं असायचं. मामा धुळ्याला एका सरकारी कचेरीत कारकून झाला, देवपुराकडच्या एका कॉलनीत त्याने घर घेतलं, आणि माझी अकरावी-बारावी एरंडोलला झाल्यावर तो एक दिवस स्वतः येऊन बापाला म्हणाला, "मंगलाला माझ्याकडे पाठवा. कॉलेज शिकवतो." बापाच्या डोळ्यात पाणी आलं. बाप भाबडा होता. कॉलनीत आणखी कुणीतरी आपला पुतण्या शिकायला ठेवला होता आणि त्याचं फार कौतुक होत होतं, हे आम्हाला कसं कळणार? शिवाय मामीला भांडी घासायला कुणीतरी हवंच होतं.

त्या घरासारखं नाटक मी पुढे कुठल्याही नाट्यगृहात पाहिलं नाही. पुढच्या खोलीत सोफा, सोफ्यावर कव्हर, कव्हरावर प्लास्टिक. काचेच्या कपाटात मेणाची फळं. त्यांतलं सफरचंद मी पहिल्या आठवड्यात उचलून बघितलं, तर मामीने हातावर चापट मारली. भिंतीवर एका बर्फाच्या डोंगराचं चित्र. धुळ्याच्या उन्हात त्या बर्फाकडे बघून मला चक्कर यायची. मामा रोज सकाळी काळी ब्रीफकेस घेऊन निघायचा. कॉलनीतले लोक त्याला "साहेब" म्हणायचे, कारण त्यानेच त्यांना तसं वळण लावलं होतं. ब्रीफकेसमध्ये जेवणाचा डबा, तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी असायची. इंग्रजी वर्तमानपत्र घरी यायचं. ते पुढच्या खोलीत टेबलावर संध्याकाळपर्यंत घडी न मोडता पडलेलं असायचं आणि दुसऱ्या दिवशी मसाल्याच्या डब्यांखाली अंथरलं जायचं. ते वाचलं गेलं असेल तर झुरळांनी.

जेवण ही तर कसरत होती. मामाला भाकरीशिवाय चैन पडायचं नाही, पण भाकरी थापल्याचा आवाज शेजारी जाऊ नये म्हणून मामी स्वयंपाकघराची खिडकी लावून घ्यायची. खुडा कुटायचा तर रेडिओ मोठा करायचा. चौघं आत जमिनीवर बसून जेवत असायचो, आणि दारावरची बेल वाजली, ती चिमणीसारखी चिवचिवायची, की ताटं पलंगाखाली. मामी पदराने तोंड पुसत टोस्टची बशी घेऊन पुढे. शेजारचे निवृत्त मास्तर एकदा असे येऊन बसले ते उठेचनात. पलंगाखाली वरणाचा वास, वर मामा टोस्ट चावत देशाच्या राजकारणावर बोलतोय. मास्तर गेल्यावर मामा पलंगाखाली वाकला आणि म्हणाला, "भाकरी वातड झाली." त्या माणसाची मला तेव्हा कीव यायला हवी होती. आली नाही. आजही येत नाही.

भाषेचा नियम सगळ्यात कडक. घरात अहिराणीचा एक शब्द निघता कामा नये. "माले" म्हटलं की मामी "मला, मला" असं दोनदा म्हणायची, पोपटाला शिकवावं तसं. मायला "आई" म्हणायचं. बापाला "बाबा". मामाची मुलगी शैला माझ्याहून थोडी लहान, ती तर गावाचं नाव काढलं की नाक मुरडायची. आमची ओळखही मामाने परस्पर बदलून टाकली होती. कॉलनीत कुणी विचारलं तर माझे वडील बागायतदार. कुणी फारच खोलात शिरलं तर भडगावकडे, गिरणेच्या काठाला, उसाचा मळा. मला पहिल्यांदा हे शेजारणीकडून कळलं. ती म्हणाली, "तुमचा मळा केवढा गं?" मी मामीकडे बघितलं. मामी म्हणाली, "तिला कुठलं ठाऊक, ती अभ्यासात." मी घरी पत्रात बापाला हे लिहिलं तर त्याचं उत्तर शेजारच्या पोराकडून लिहून आलं: उसाला पाणी वेळेवर देत जा.

आता, या वयात, मी जळगावला राहते आणि रोज सकाळी फोन उघडते तर शैलाचे फोटो आलेले असतात. ती आता एका महिला मंडळाची अध्यक्ष आहे. नऊवारी नेसून, डोक्यावर सुपलं घेऊन, हायवेवरच्या एका हॉटेलात सिमेंटच्या बैलगाडीपाशी उभी. खाली लिहिलेलं: आपली अहिराणी, आपला अभिमान. तिला मी अहिराणीत उत्तर टाकलं तर तिने अंगठा पाठवला. वाचता आलं नसावं. त्या काळी लपवायचं होतं ते आता मिरवायचं आहे, एवढाच फरक. दोन्ही वेळी माणूस आरशासमोरच उभा.

पण मला आखाजीचं सांगायचं आहे. अक्षय्य तृतीया म्हणजे आमची आखाजी. खान्देशात लग्न झालेल्या लेकी त्या सणाला माहेरी येतात. झोके बांधतात, मांडे आणि आमरस होतो, बाया चार दिवस कुणाचं ऐकत नाहीत. ज्या बाईला आखाजीला माहेरचं बोलावणं येत नाही तिच्याशी सगळं गाव त्या दिवशी हळू आवाजात बोलतं. मायचे आई-वडील गेल्यापासून तिचं माहेर म्हणजे मामा, आणि मामाने तिला धुळ्याच्या घरी एकदाही बोलावलं नव्हतं. दर आखाजीला ती म्हणायची, "भाऊले टाइम नई भेटस." मी मामाकडे राहायला लागल्यावर मला कळलं की भाऊला वेळ भरपूर होता. दुपारी कचेरीतून येऊन तो झोपायचा.

माझ्या शेवटच्या वर्षी बोलावणं आलं. परीक्षा आखाजीनंतरच्याच आठवड्यात सुरू होणार होती. मामाने बसचे पैसे पाठवले, "अक्का, आखाजीला नक्की ये" असं लिहिलं. माय एस.टी.तून उतरली तेव्हा मी धुळ्याच्या स्टँडवर तिला न्यायला गेले होते. अंगावर तिची एकुलती एक चांगली साडी, जांभळी, काठाची, हातात नव्या बांगड्या, डोक्यावर गाठोडं. त्यात बिबडे, कुरडया आणि शैलासाठी आंबे. रिक्षात ती सारखी पदर नीट करत होती. "वहिनी रागावनार नई ना वं? आंबा जरासा डागी शेतस." मी म्हटलं, "नई वं." मलाही खरंच वाटलं होतं की मामाला बहीण आठवली.

मामाला मांडे आठवले होते. शैलाला पाहून गेलेले नाशिकचे लोक पसंती कळवायला आखाजीच्या दिवशीच जेवायला येणार होते. मुलगा बँकेत, घर स्वतःचं. आणि मुलाच्या आईने गमतीने म्हटलं होतं, "तुमच्याकडचे ते खापरावरचे मांडे एकदा खायचेत बाई, आम्ही नाशिकचे, आम्हाला कुठे मिळणार!" मामीला मांडे येत नव्हते. येत असतील तर ती विसरली होती, तिने विसरायचं ठरवलेल्या गोष्टी बऱ्याच होत्या. बाजारातून मांडेवाली आणली तर मांडे बरे निघतील की नाही याची खात्री नाही. बहीण होती.

सकाळी मामीने मायला फार प्रेमाने हाक मारली. "अक्का, तुमची साडी छान आहे हो. धुराने खराब होईल. ही नेसा." आणि बोहारणीला द्यायला काढून ठेवलेली विटकी हिरवी साडी पुढे केली. मायला भरून आलं. मला म्हणाली, "किती जीव लावस वं तुनी मामी." घराच्या मागच्या अंगणात विटांची चूल मांडली होती, खापर आणलं होतं, पुरण शिजत होतं. माय तिथे बसली ती बसलीच. घरात तिला कुणी बस म्हणालं नाही. पाणीही मीच नेऊन दिलं.

दुपारी पाहुणे आले. मुलाचे वडील सफारीत. मुलाची आई बोलघेवडी, दर वाक्याला "अगं बाई" म्हणणारी, आणि तिचं "अगं बाई" इतकं घासून पुसून आलेलं की मला मामीचीच मोठी बहीण वाटली. मुलगा गप्प. सोबत मुलाची आजी, डोक्यावरून पदर, हातात काठी. तिची ओळख करून देताना सून म्हणाली, "सासूबाईंना ऐकू अगदी कमी येतं, तुम्ही काही मनावर घेऊ नका. त्या बोलतही नाहीत फारशा." म्हातारीला सोफ्यावर टेकवलं. ती मेणाच्या फळांकडे एकटक बघत बसली.

पंगत बसली. मांडे आतून माझ्या हातांनी बाहेर जात होते. गरम मांडा, त्यावर तूप, वाटीत आमरस, तिखट रस्सा, कुरडई. मुलाच्या वडिलांनी तर बोलणंच सोडून दिलं. मुलाची आई म्हणाली, "अगं बाई! हे कुणी केले?" मी दारात, हातात परात. मामीने क्षणभरही विचार केला नाही. "मांडेवाली बोलावलीय हो, एरंडोलकडची. आमची नेहमीची." मामाने आमरसाची वाटी उचलली आणि तोंडाला लावली. त्याचं तोंड बराच वेळ त्या वाटीत होतं.

मागचं दार उघडंच होतं. मी अंगणात गेले तेव्हा मायच्या हातावर मांडा फिरत होता. तिने ऐकलं होतं. तिचा चेहरा जाळाकडे होता म्हणून लाल, की कशाने, मला कळलं नाही. मी म्हणाले, "माय, ऊठ. चाल घर." तिने मांडा खापरावर टाकला, कडा सोडवली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "गप ऱ्हाय. तुनी परीक्षा शे." तेवढंच. मला सगळं समजलं. पुढच्या आठवड्यात पेपर. धुळ्यात मला दुसरं छप्पर नाही. तोंड उघडलं तर आज रात्री सामान दाराबाहेर, आणि तीन वर्षांचं शिक्षण त्याच दारात. मायने ते सगळं मांडा झेलता झेलता मोजून घेतलं होतं आणि ठरवलं होतं की पोरीची पदवी होणार असेल तर ती एक दिवस मांडेवाली राहील. स्वतःच्या भावाच्या घरी. आखाजीला.

मी परात घेऊन आत गेले. मी गप्पच राहिले असते. खरंच राहिले असते, कारण मायने सांगितलं होतं. पण जेवणं उरकल्यावर मुलाची आई हात पुसत मागच्या दारात आली. मागोमाग मामी, मामा, शैला, मुलगा आणि त्याचे वडील. आजीही काठी टेकत, कारण तिला एकटीला पुढे ठेवणं बरं दिसलं नसतं. "बाई," मुलाची आई मायला म्हणाली, तिच्या आवाजात मोठ्या घरच्या बायका मोलकरणीशी बोलताना आणतात तो गोडवा होता, "हात फार छान आहे हो तुमचा. लग्न ठरलं की आमच्याकडे नाशिकला याल का मांडे करायला? पत्ता देऊन ठेवा." मायने मान खाली घातली. मामी लगबगीने म्हणाली, "आम्ही कळवू हो तिला, तिचा काय पत्ता." मामा म्हणाला, "हो हो, बाई भेटते इकडेच कुठेतरी." इकडेच कुठेतरी!

मी म्हणाले, "पत्ता माझ्याकडे आहे. लिहून घ्या."

"अगं बाई, तुला कसा गं ठाऊक?"

"माझी आई आहे ती. लिहून घ्या, आणि नावापुढे लिहा, मुलीची आत्या. शैलाच्या बारशाला हिनेच तिचं नाव ठेवलंय."

शैलाने तोंडावर हात घेतला. मामा हसला. असं हसू मी पुन्हा कधी पाहिलं नाही, दात दिसत होते आणि बाकी काहीच हसत नव्हतं. "भाची आमची थट्टेखोर आहे फार," तो म्हणाला. "कॉलेजात नाटकात काम करते." मी आयुष्यात कधी नाटकात काम केलं नव्हतं. मुलाची आई एकदा मायच्या विटक्या साडीकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होती. "पण तुम्ही तर म्हणालात, ऊस…" ती म्हणाली. "भडगावला, मळा…"

"मळा नाही," मी म्हणाले. "बाप जिनिंगमध्ये गाठी ओढतो."

मामीने माझा दंड धरला. नखं रुतली. आणि तेवढ्यात, इतका वेळ जिला ऐकू येत नव्हतं ती म्हातारी सुनेला बाजूला सारून पुढे झाली, काठी चुलीपाशी टेकवली आणि मायला म्हणाली, "कोनता गावनी शे वं माय तू?"

माय एकदम उभी राहिली. "एरंडोलकडली शे, आजी."

"मनं माहेर पारोळा शे!" म्हातारी ओरडलीच. "कितला दिनमा खादा असा मांडा! बठ्ठा दिन गप बशी ऱ्हायनू मी. हाई म्हने, सासूबाई बोलू नका, सासूबाई बोलू नका." आणि सुनेकडे बोट.

"सासूबाई!" मुलाच्या आईचं नाशिक एका क्षणात गळून पडलं. "चला आत. ऊन लागतंय तुम्हाला." पण तिचा नवरा, सफारीतला, तोंड दुसरीकडे करून अंगणातल्या कढीपत्त्याच्या झाडाची पानं मोजत असल्यासारखा उभा होता. आईकडून पारोळ्याचा नातू तो! माझ्या मामाला नाशिकचे वाटलेले लोक खान्देशचेच निघाले, आणि त्यांना भडगावचे बागायतदार वाटलेले आम्ही कोण ते त्यांना कळलं. दोन कुटुंबं महिनाभर एकमेकांसमोर टोस्ट चावत होती आणि दोघांच्याही पलंगाखाली भाकरी होती. मी हसले. मला तेव्हा हसू आवरलं नाही आणि मी आवरायचा प्रयत्नही केला नाही.

कुणीही दुसऱ्याला खोटारडा म्हणाला नाही. म्हणणार कोण? चहा झाला. सगळे घाईघाईने फार गोड बोलले. पुढे लग्नही झालं, दणक्यात झालं, आणि त्या लग्नाच्या पंगतीत मांडे नव्हते, पुऱ्या होत्या. ही माणसं एकमेकांना शोभतात यात मला तेव्हाही शंका नव्हती. म्हातारी मात्र निघेपर्यंत मागच्या अंगणातच होती. तिथे विटेवर बसून माय आणि ती पारोळ्यातल्या कुणाकुणाच्या सुना, कुणाच्या म्हशी, कुणाची विहीर, असं सगळं बोलत होत्या. माय त्या दिवसात पहिल्यांदा कुणाशी तरी बसून बोलली ती तेव्हा.

पाहुण्यांची गाडी वळली आणि मामा मागे फिरला. "तू आमचं नाक कापलंस," तो मला म्हणाला. "ज्या ताटात जेवलीस…" मामी आतून माझी पेटी घेऊन आलीच होती. इतक्या चपळाईने तिला काम करताना मी तीन वर्षांत पाहिलं नव्हतं. मायने हिरवी साडी सोडून आपली जांभळी नेसली होती. ती मामासमोर येऊन उभी राहिली. मला वाटलं ती माझ्या वतीने माफी मागेल, परीक्षा होईपर्यंत ठेवून घे म्हणेल. मी तिला तशी कित्येक घरी हात जोडताना पाहिलं होतं.

"आखाजीले उनी व्हती मी तुनाघर, भाऊ," ती म्हणाली. "कामले नई."

"अक्का, तू समजून घे जरा," मामा म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली आला. "पोरीच्या लग्नाचा प्रश्न होता."

"मंग तसं सांगनं व्हतं. कामाला बोलावलं असतं तर कामाला आले असते." हे शेवटचं वाक्य तिने मुद्दाम त्याच्या शुद्ध मराठीत म्हटलं. तिला ते येत होतं. सगळ्यांना येतं. "चार घरी जातेच मी. तुझ्याही आले असते."

मामाने ब्रीफकेस उगाच इकडची तिकडे ठेवली. आंबे तिने परत घेतले नाहीत, आणि मी म्हटलं, घेऊ या, तर मला म्हणाली, पोरीसाठी आणले, पोरीचा काय दोष. शैलाचा दोष किती होता यावर माझं मत वेगळं आहे, पण ते मायला कधी पटलं नाही.

एस.टी. एरंडोलला पोचली तेव्हा अंधारलं होतं. बसमध्ये मला रडू आलं ते मामासाठी नाही, परीक्षेसाठी. माय म्हणाली, "रडस कसाले? बस रोज जास." एवढंच तिचं गणित. बापाने सगळं ऐकून घेतलं, खोकला, आणि म्हणाला, मळ्याचा पत्ता तर मला कुणी दिलाच नव्हता, एकदा बघून तरी आलो असतो. आम्ही तिघं त्या रात्री इतकं हसलो की शेजारच्या म्हातारीने भिंतीपलीकडून विचारलं, काय झालं.

पेपर सुरू झाले. पहाटेची जळगावहून धुळ्याला जाणारी बस एरंडोलच्या फाट्यावर पकडायची, उभ्याने पारोळा, तिथे कुणी उतरलं तर बसायला मिळायचं, मग मांडीवर पुस्तक. माय फाट्यापर्यंत यायची आणि कंडक्टरला सांगायची, "कॉलेजनी पोर शे, जागा करा." तिला लाज नव्हती आणि तिच्यामुळे मलाही उरली नव्हती. एका पेपरला बस पंक्चर झाली, मी घामाघूम धावत पोचले, पर्यवेक्षकांनी घड्याळ बघितलं आणि आत घेतलं. माझ्या मागच्या बाकावर मामाच्या कॉलनीतली एक मुलगी होती. तिने विचारलं, "तू कुठून येतेस आता?" मी गावाचं नाव सांगितलं आणि बापाचं कामही. ते तिने विचारलंही नव्हतं.

निकाल लागला. मी सेकंड क्लासमध्ये बी.ए. झाले. पुढे जळगावला नोकरी लागली, माय-बापांना मी इकडे आणलं, ते वेगळं. मामा कॉलनीत स्वतःला पदवीधर म्हणवून घ्यायचा. तो नव्हता, मॅट्रिकवर थांबला होता. बापाच्या आणि मायच्या, दोन्ही घराण्यांत पहिली पदवीधर मी आहे.